लहान मुलांचा कान फुटतो तेव्हा

दिवाळी सरली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली आणि पहाटे धुके पडू लागले, की माझ्या दवाखान्यात कानाच्या तक्रारीची मुले येऊ लागतात. दरवर्षीचेच आहे. आधी सर्दी-पडसे, मग चार-पाच दिवसांनी कान. यंदाही तेच चालू आहे, म्हणून या आठवड्यात मुलांच्या कानाविषयी लिहायचे ठरवले.

परवाच्या रात्रीचीच गोष्ट सांगतो. दीड वाजता बेल वाजली. दारात आजी, मुलगा, सून आणि सुनेच्या खांद्यावर चौदा महिन्यांचे बाळ. बाळ अक्षरशः किंचाळत होते. आजींनीच सांगायला सुरुवात केली, "डाक्टर, सांजपासनं नुसतं रडतंय बघा. अंगावर घेतलं की दोन घोट पितंय आन् सोडून वरडतंय. मी दिष्ट काढली, बेंबीला हिंग लावला, पर काय फरक न्हाई."

बाळाला आठवडाभर सर्दी होती. अंगात १०१ ताप होता. पोट मऊ होते. मधूनमधून ते उजव्या कानाकडे हात नेत होते. दूध ओढताना आणि गिळताना कानाच्या आतला दाब बदलतो, त्यामुळे ठणका वाढतो. भुकेले बाळ दोन घोट घेऊन रडत तोंड बाजूला करते, ते बऱ्याच वेळा यामुळे. मी कानात पाहण्यासाठी ऑटोस्कोप लावला, तर आत तेलाचे तळे. लसूण टाकून कढवलेले तेल. पडदा दिसेचना. आजींकडे पाहिले तर त्या म्हणाल्या, "कोमटच हुतं की."

त्या रात्री मी फक्त वेदना कमी करणारे औषध वजनाप्रमाणे पाजले आणि अर्धा तास सगळ्यांना बसवून ठेवले. बाळ आईच्या खांद्यावर झोपले. सकाळी पुन्हा दाखवायला या, म्हणून सांगितले. सकाळी आठलाच मंडळी हजर. बाळ हसत होते, पण आईचे तोंड उतरलेले. उशीवर पिवळट, थोडा रक्ताचा अंश असलेला डाग पडला होता. "डॉक्टर, कान फुटला." आजींच्या नजरेत सरळ आरोप होता, रात्री औषध दिले आणि पहाटे कान फुटला!

औषधाने कान फुटत नाही. मग तो का फुटतो आणि फुटल्यावर बाळ हसायला का लागते, हे समजून घेण्यासाठी थोडे कानाच्या आत जावे लागेल.

कानाचे आतले घर

कानाचे तीन भाग असतात. बाहेरचा कान म्हणजे आपल्याला दिसणारी पाळी आणि आत जाणारा बोगदा. या बोगद्याच्या टोकाला पडदा असतो. तो साधारण ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि वहीच्या कागदाइतका पातळ असतो. पडद्यामागे एक लहानशी हवेची खोली, तिला मध्यकर्ण म्हणतात. या खोलीत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडे एकमेकांना जोडलेली असतात. पडदा हलला की हाडे हलतात आणि आवाज तिसऱ्या भागात, म्हणजे अंतर्कर्णात पोहोचतो. तिथून मज्जातंतू तो मेंदूकडे नेतात.

पडद्यामागच्या खोलीला बाहेरून दार नाही. पण तिला आतून एक नळी आहे, ती नाकाच्या मागे घशात उघडते. सोळाव्या शतकातील युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. नाव अवघड असले तरी तिची ओळख तुम्हा सर्वांना आहे. एसटीने आंबा घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की 'टक' करून सुटतात. तेव्हा उघडते ती हीच नळी. बाहेरची हवा आणि पडद्यामागची हवा सारखी ठेवणे आणि मध्यकर्णातला ओलावा घशाकडे वाहून नेणे, ही तिची कामे.

मोठ्या माणसात ही नळी लांब आणि तिरकी उतरती असते. लहान मुलात ती आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी असते. बाळाची नळी आपल्या नळीच्या निम्मीच असते म्हणा ना. शिवाय मुलांच्या नाकामागे अडिनॉइड नावाच्या गाठी असतात, त्या सर्दीत सुजतात आणि नळीचे तोंड दाबतात. सर्दी झाली की नळीचे अस्तर सुजते, नळी बंद होते, पडद्यामागे हवा कमी पडून पाणी साठते. नाका-घशातले जंतू त्या आखूड, आडव्या वाटेने वर चढतात आणि साठलेल्या पाण्याचा पू होतो. पू साठला की तो पडद्याला आतून बाहेर ढकलतो. तोच ठणका. आडवे झाल्यावर तो वाढतो, म्हणून मुले दिवसभर बरी असतात आणि रात्री कान धरून रडतात. दाब फार वाढला की पडद्याला बारीक भोक पडते, पू बाहेर येतो आणि दाब सुटतो. ठणका थांबतो, ताप उतरतो आणि बाळ हसते. घरचे मात्र डाग पाहून घाबरतात.

असे नुकतेच पडलेले भोक बहुतेक मुलांत एक-दोन आठवड्यांत आपोआप भरून येते. चौदा महिन्यांच्या त्या बाळाचेही तीन आठवड्यांत भरून येईल, अशी माझी अपेक्षा आहे. पण ते भरले की नाही, हे पाहण्यासाठी पुन्हा दाखवायला यायला हवे. ठणका थांबला की लोक येत नाहीत, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

या सगळ्यात अंघोळीचे पाणी कुठे आले? कुठेच नाही. "न्हाऊ घालताना कानात पाणी गेले म्हणून कान फुटला," असे दहापैकी आठ माता सांगतात आणि स्वतःला नाहीतर न्हाऊ घालणाऱ्या बाईला दोष देतात. पडदा शाबूत असेल तर बाहेरचे पाणी त्याच्या मागे जाऊच शकत नाही. पाण्याने बाहेरच्या बोगद्याला बुरशी किंवा सूज येऊ शकते, तो आजार वेगळा. त्यात कानाची पाळी ओढली किंवा कानासमोरचा छोटा उंचवटा दाबला तरी मूल ओरडते. मध्यकर्णाच्या ठणक्यात सहसा तसे होत नाही. मध्यकर्णाचा जंतू नाकातून येतो, हे एकदा पक्के समजले की पुढचे निम्मे गैरसमज गळून पडतात.

आधी ठणका थांबवा

कान दुखणाऱ्या मुलाला पहिली गरज असते ती वेदना थांबवण्याची. यासाठी पॅरासिटामॉल हे साधे, स्वस्त आणि योग्य मात्रेत सुरक्षित औषध आहे. दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम ही एका वेळची मात्रा. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला मात्र ताप असेल तर घरी औषध देत न बसता थेट डॉक्टरांकडे न्यावे.

इथे एक धोक्याची जागा आहे. बाजारात या औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. एका पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्यात २५० आणि ड्रॉपरच्या छोट्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर पहिल्या बाटलीतले ६ मिलिलिटर, दुसऱ्यातले ३ आणि थेंबांच्या बाटलीतले फक्त दीड. मागे एका आईने थेंबांच्या बाटलीतले चमचाभर औषध पाजले होते, "लहान बाटली म्हणजे साधं औषध" असे समजून. वेळीच लक्षात आले म्हणून बरे. बाटलीवरचा आकडा वाचा, वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या आणि घरातला चमचा न वापरता बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापानेच द्या.

मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड हे औषध २०११ पासून आपल्या देशात बारा वर्षांखालील मुलांसाठी बंद आहे, तरी मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून देणारे लोक मला अजून भेटतात. सर्दी सुकवणारी मिश्र औषधेही मागू नका. त्यांनी कान लवकर बरा होत नाही. शिवाय क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ साली काढली आहे. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घालावेत, एवढे पुरते.

अँटिबायोटिक प्रत्येक वेळी लागते का?

मी दवाखाना थाटला त्या काळात दुखरा कान दिसला की अँटिबायोटिक, हा नियम होता. वर एक इंजेक्शनही. रुग्णालाही सुई टोचल्याशिवाय डॉक्टरांनी काही केले असे वाटत नसे आणि आम्हालाही ते सोयीचे होते, हे कबूल करायला हरकत नाही. आता असे दिसून आले आहे, की बहुतेक मुलांचा कान अँटिबायोटिकशिवायही दोन-तीन दिवसांत शांत होतो. म्हणून दोन वर्षांवरील, एरवी चांगल्या प्रकृतीच्या मुलाचा कान थोडा दुखत असेल, ताप फार नसेल, तर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहता येते. पण वाट पाहणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. डॉक्टरांनी कान पाहिलेला असावा आणि बरे वाटले नाही तर आईवडिलांनी परत आणावे, ही अट आहे.

काही मुलांच्या बाबतीत थांबू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळ, दोन वर्षांच्या आतील मुलाचे दोन्ही कान दुखत असणे, १०२ च्या वर ताप, ठणका सहन होण्यापलीकडे असणे, कानातून पू येणे, अशा वेळी अँटिबायोटिक द्यावेच लागते. वरच्या बाळाला सकाळी मी ते सुरू केले, कारण पू आला होता. बहुधा अमॉक्सिसिलिन हे जुनेच औषध पुरेसे होते, महागड्या औषधाची गरज पडत नाही. लहान बाळांना ते दहा दिवस द्यावे लागते. तिसऱ्या दिवशी बाळ खेळायला लागले की बाटली कपाटात ठेवायची आणि पुढच्या सर्दीला तीच काढायची, असे करू नका. भुकटीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून तयार केलेले औषध आठवड्यानंतर भरवशाचे राहत नाही. दहा दिवसांसाठी दुसरी बाटली लागते, ती दुकानदार देईल. आणि शेजारच्या मुलाचे उरलेले औषध आपल्या मुलाला चालेल का, असे कृपया मला फोनवर विचारू नका.

कानात काय काय घातले जाते

एवढ्या वर्षांत मी मुलांच्या कानात लसणाचे तेल, मोहरीचे तेल, रुईच्या पानाचा रस, आईचे दूध, गोळीची पूड आणि एकदा हळद पाहिली आहे. मागच्या पिढीतल्या बायकांना मी दोष देत नाही. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळत नव्हता, पोर रडत होते आणि हाताशी तेलाची वाटी होती. पण कान आतून भरलेला असताना बाहेरून घातलेले तेल पडद्याच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. पडदा फुटलेला असेल तर ते नको तिथे जाते. गरम असेल तर कातडी भाजते. आणि माझ्यासारख्याला पडदा दिसत नाही, हे वेगळेच. शेकायचेच असेल तर तव्यावर गरम केलेला मऊ कपडा आपल्या गालाला लावून पाहावा आणि मग कानाच्या बाहेरून धरावा.

तेलाला एक अपवाद आहे, तो सांगितला पाहिजे. रात्री झोपेत कानात किडा शिरला आणि आत फडफडू लागला, तर पूर्वी कधी कान फुटलेला नसेल अशा माणसाच्या कानात खोबरेल तेलाचे चार थेंब टाकावेत. किडा मरतो, फडफड थांबते. मग सकाळी डॉक्टरांकडून काढून घ्यावा. याउलट मुलाने कानात ज्वारीचा दाणा, हरभरा किंवा चिंचोका घातला असेल तर पाण्याचा थेंबही घालू नका. दाणा फुगतो आणि घट्ट बसतो. केसांच्या पिनेने काढायला जाऊन तो आणखी आत ढकललेली मुले माझ्याकडे वर्षाला चार-दोन तरी येतात.

कानातला मळ हा रोग नव्हे. तो कान स्वतः तयार करतो आणि स्वतःच बाहेर टाकतो. काडेपेटीची काडी, पिन, किल्ली, कापूस लावलेली काडी यांतले काहीही मुलाच्या कानात जाऊ नये. बाजाराच्या दिवशी कान कोरून देणारे बसतात, त्यांच्यापुढे मुलाला बसवू नये.

वाहणारा कान

आतापर्यंत जे सांगितले ते ताज्या दुखण्याविषयी. आता जे सांगतो ते जास्त गंभीर आहे आणि सांगताना मला संकोचही वाटतो.

१९९९ सालची गोष्ट. एका छोट्या व्यापाऱ्याची सात वर्षांची मुलगी. "हिचा कान वाहतो, पावसाळा आला की जास्त," असे सांगत आई तिला घेऊन आली. दुखत नव्हते, ताप नव्हता. बाहेर चाळीस माणसे बसलेली. मी केसपेपरवर थेंब लिहून दिले. महिन्याने ती पुन्हा आली, मी थेंब बदलले. तिसऱ्यांदा आली तेव्हा आई म्हणाली, "डॉक्टर, वास येतो हो. शाळेत पोरी जवळ बसत नाहीत." मी स्वच्छता ठेवायला सांगितले आणि पुन्हा थेंब लिहिले. तीन वेळा मी त्या कानात पाहिले नाही. माझ्या ऑटोस्कोपची बॅटरी महिनाभर उतरलेली होती, एवढे त्याचे कारण.

चौथ्यांदा ती आली तेव्हा अंगात १०३ ताप होता. कानाच्या मागे लालभडक सूज आणि कान पुढे, खाली ढकललेला. हसायला सांगितले तर तोंड एका बाजूला गेले. तिला त्याच दुपारी जीपने मिरजेला पाठवले, रात्री शस्त्रक्रिया झाली. मुलगी वाचली. चेहऱ्याचा वाकडेपणा काही महिन्यांत गेला. त्या कानाचे ऐकणे गेले ते गेलेच.

तिच्या कानात घातक प्रकारचा दोष होता. पडद्याच्या वरच्या भागात कातडीची पुटे साठत जातात, त्यांची गाठ होते आणि ती हळूहळू आजूबाजूचे हाड खाते. स्राव थोडाच असतो, पण त्याला घाण वास येतो. हाड पोखरले की जंतू कानामागच्या हाडात, चेहऱ्याच्या नसेपर्यंत आणि कधी मेंदूपर्यंत जातात. थेंबांनी हे बरे होत नाही, शस्त्रक्रियाच लागते. दुसरा प्रकार त्या मानाने सौम्य. पडद्याच्या मधल्या भागात भोक राहून जाते आणि दर सर्दीला कान वाहतो. दोन्ही प्रकारांत दुखत नाही, म्हणून घरात त्याची सवय होऊन जाते. "लहानपणापासनं वाहतोय, मोठेपणी जाईल." तो जात नाही. यातला कोणता प्रकार आहे, हे बाहेरून सांगता येत नाही, आत पाहावेच लागते.

कान दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस वाहत असेल, तर तो कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. वास येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. आणि कानामागे सूज, पाळी पुढे ढकललेली, तोंड वाकडे होणे, चक्कर, सतत उलट्या, मान ताठ होणे, मूल गुंगीत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की दिवस, मोठ्या रुग्णालयात न्या. माझ्याकडेही थांबू नका.

वाहता कान कोरडा ठेवणे हाच त्याचा अर्धा उपचार आहे. स्वच्छ, मऊ सुती कापडाच्या कोपऱ्याला पीळ देऊन वात करावी, ती हलकेच कानात ठेवावी, ओली झाली की काढून टाकावी आणि नवी घ्यावी. वात कोरडी निघेपर्यंत असे करावे. दिवसातून तीन वेळा. काडी वापरायची नाही. मग डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावेत, मुलाला पाच मिनिटे कुशीवर झोपवावे आणि कानासमोरचा उंचवटा दोन-चार वेळा दाबावा, म्हणजे औषध आत जाते. पू भरलेल्या कानात थेंब टाकणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे. थेंब मात्र मनाने आणू नका. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. मळ मऊ करणारे थेंबही अशा कानात चालत नाहीत.

त्या मुलीचे आता लग्न झाले आहे. माहेरी आली की आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे येते. बोलताना डावा कान पुढे करते. तिच्या मुलाचा कान मी दर वेळी पाहतो, तो खोकल्यासाठी आलेला असला तरी.

न दुखणारा, न वाहणारा कान

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. यात पडद्यामागे पू नसतो, नुसते चिकट पाणी असते. सर्दी किंवा ठणका बरा झाल्यावर ते मागे राहते. महिन्याभरानंतरही निम्म्या मुलांच्या कानात ते असते, तीन महिन्यांत बहुतेकांचे निघून जाते. हलगीच्या आत पाणी भरून ती वाजवली तर जसा आवाज येईल, तसे त्या पडद्याचे होते. मूल बहिरे होत नाही, पण कानात बोटे घालून ऐकावे तसे ऐकते.

तिसरीतल्या एका मुलाचे वडील त्याला घेऊन आले होते ते झोप येत नाही म्हणून. बोलता बोलता कळले, की गुरुजींची तक्रार आहे, मुलगा लक्ष देत नाही, शुद्धलेखनात शब्द गाळतो. घरी टीव्ही मोठ्याने लावतो, हाक मारली तर ओ देत नाही. "दोन दिल्या कानाखाली, तरी फरक नाही," वडील म्हणाले. मी मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभा राहिलो, एक कान झाकला आणि हळू आवाजात 'आंबा', 'बैल', 'पाटी' असे शब्द म्हटले. एकही त्याला सांगता आला नाही. मग वडिलांकडे पाहिले, तर ते जमिनीकडे पाहत होते.

ऐकण्याची तपासणी झाली, दोन्ही कानांत पाणी निघाले. तीन महिने थांबलो. एका कानातले गेले, दुसऱ्यातले राहिले. नाकामागच्या गाठीही मोठ्या होत्या, तोंड उघडे ठेवून झोपायचा तो त्यामुळेच. तज्ज्ञांनी त्या काढल्या आणि पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवली. ती काही महिन्यांनी आपोआप गळून पडते. त्या वर्षी वर्गात त्याला पुढच्या बाकावर बसवा, अशी चिठ्ठी मी गुरुजींना लिहून दिली, तिचाही उपयोग झाला असे वडील सांगतात. कानाखाली मारल्याने पडदा फाटतो, हे मात्र मी त्यांना चांगल्याच शब्दांत सांगितले. मी असे फाटलेले पडदे पाहिले आहेत. मुलगा उनाड आहे की त्याला ऐकू येत नाही, हे आधी तपासा.

अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. कान वाहणे त्यांच्या तपासणीत येते आणि पुढचे उपचार मोफत होतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका.

टाळता येते का?

सर्दी टाळता येत नाही, पण काही गोष्टी हातात आहेत. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध पाजलेल्या बाळांना हा त्रास कमी होतो. बाटलीने आडवे पाजू नये, दूध घशाच्या मागून नळीकडे जाते. बाळाचे डोके उंच धरून वाटी-चमच्याने पाजणे उत्तम. नाक शिंकरताना एक नाकपुडी बंद करून दुसरी, हळू. दोन्ही दाबून जोराने शिंकरले की शेंबूड कानाकडे जातो.

धुराविषयी मी पुन्हा पुन्हा लिहितो. चुलीच्या आणि विडी-सिगारेटच्या धुराने नळीचे अस्तर सुजते. सध्या ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या भागात आहेत. पाचटाच्या खोपीत तीन दगडांची चूल, बाहेर गारठा आणि आत धूर, त्यात वर्षा-दोन वर्षांची मुले. पहाटे आई-वडील फडात जातात तेव्हा ती मुले मोठ्या बहिणीच्या कडेवर. त्यांच्यात वाहते कान मी सर्वांत जास्त पाहतो आणि टोळी पुढच्या गावाला गेली की उपचार अर्धवट राहतो. ज्यांच्या शेतात तोड चालू आहे त्यांनी अशा मुलाला एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आणले तर फार खर्च येणार नाही.

लसीचे विसरू नका. न्यूमोकोकस हा कानाच्या ठणक्याचा एक मुख्य जंतू. त्याच्यावरील लस पूर्वी खासगी दवाखान्यात महाग मिळत असे. आता २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना अशी तीन वेळा. तिने सगळे कान वाचत नाहीत, पण न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापासूनही संरक्षण मिळते. गोवरानंतरही कान फुटतो, तेव्हा गोवराच्या दोन्ही मात्रा पूर्ण करा.

एका वाचकाने विचारले आहे, की मुलाच्या पडद्याला भोक आहे, उन्हाळ्यात त्याला विहिरीवर पोहायला शिकवू का? नको. भोक बंद होईपर्यंत पोहणे बंद. अंघोळीच्या वेळी कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये घोळून कानाच्या तोंडाशी बसवावा आणि अंघोळ झाली की काढावा. भोक राहिलेच तर मूल साधारण आठ-दहा वर्षांचे झाल्यावर पडद्याला ठिगळ लावण्याची शस्त्रक्रिया करतात, ती मोठ्या सरकारी रुग्णालयांतही होते. ती नीट जमली आणि तज्ज्ञांनी परवानगी दिली, की मग पाठीला डबा बांधून खुशाल उतरवा विहिरीत.